कासव : घरांतलें आणि किनाऱ्यावरचें

आपल्या मराठी भाषेचें भांडार मोठें आहे. परंतु एका प्राण्याच्या बाबतींत तिनें हात बराच आखडता घेतला आहे. माळावर गवत खात हिंडणारें, तळ्याच्या गाळांत दडून बसणारें आणि शेंकडों कोस समुद्र ओलांडून जाणारें, अशा तीन निरनिराळ्या तऱ्हांच्या प्राण्यांस आपण एकच नांव देऊन मोकळे झालों आहों. तें नांव कासव. इंग्रजांनीं निदान जमिनीवरच्यास टॉर्टॉइज आणि पाण्यांतल्यास टर्टल असा भेद केला. वर्गांत मुलें या दोन शब्दांचा घोटाळा करीत, तेव्हां मी त्यांच्यावर फारसा रागावत नसें. कारण घोटाळ्याचें मूळ मायबोलींतच आहे. मात्र हा घोटाळा शब्दकोशापुरता राहत नाहीं. त्यापायीं मुके जीव मरतात. आणि मारणारीं माणसें बहुधा दयाळू असतात, हें त्यांतलें विशेष.

असें पाहा. एखाद्या सद्गृहस्थास बागेच्या कोपऱ्यांत एक कासव सांपडतें. त्याच्या उंच, घुमटासारख्या काळसर पाठीवर पिवळ्या रेघांची तारकांसारखी नक्षी आहे. गृहस्थ मनाशीं म्हणतो, 'कासव म्हणजे पाण्यांतला जीव. बिचारें वाट चुकलें.' तो तें उचलतो, मोटारींत घालतो, नदीवर नेतो आणि हात जोडून प्रवाहांत सोडून देतो. परंतु तें तारा-कासव असतें. त्याचे पाय हत्तीच्या पायांसारखे खांबाचे. पाणी वल्हवण्यास त्यांचा कांहीं उपयोग नाहीं. खोल पाण्यांत गेलेलें असें कासव दमून तळाशीं जातें आणि गुदमरून मरतें. गृहस्थ मात्र आज एक सत्कृत्य घडलें या समाधानांत घरीं येऊन जेवतो.

हा प्रयोग पूर्वीं एका विद्वानानेंहि केला होता. पण त्यानें तो घंगाळांत केला, नदींत नव्हे. इंग्लंडांतील सेलबोर्न गांवीं अठराव्या शतकांत गिल्बर्ट व्हाइट नांवाचा एक धर्मोपदेशक होऊन गेला. गांवच्या पशुपक्ष्यांवर त्यानें लिहिलेला ग्रंथ १७८९ सालीं प्रसिद्ध झाला आणि आजहि वाचला जातो. त्याच्या आत्यानें पुष्कळ वर्षें एक जमिनीवरचें कासव पाळलें होतें. ती १७८० सालीं वारल्यावर टिमथी नांवाचें तें कासव वारसाहक्कानें व्हाइटकडे आलें. त्यानें त्याचें वजन करून पाहिलें, कर्ण्यांतून त्याच्या दिशेनें मोठ्यानें ओरडून पाहिलें (टिमथीनें लक्ष दिलें नाहीं), आणि एकदां त्याला पाण्यानें भरलेल्या घंगाळांत ठेवून पाहिलें. तें हळूहळू तळाशीं गेलें आणि गांगरून तळावरून चालूं लागलें. हा प्राणी जलचर नव्हे, असें व्हाइटनें टिपून ठेवलें आणि त्याला बाहेर काढलें. व्हाइटच्या मागून वर्षाच्या आंत टिमथीहि गेलें. पुढें कवच तपासल्यावर तो टिमथी नसून मादी होती असें निघालें. इतकीं वर्षें जवळ बाळगूनहि कासव आपली ओळख सहजासहजीं देत नाहीं, तें असें!

सुदैवानें जलचर कोणतें आणि भूचर कोणतें हें ओळखण्यास विद्वत्ता लागत नाहीं. पाठ पाहूं नये, पाय पाहावे. खांबासारखे, बोथट पाय असले तर तें जमिनीवरचें. बोटांमध्यें बदकासारखा पडदा व पुढें नख्या असल्या तर तें नदी-तळ्यांतलें. आणि पायांच्या जागीं लांब वल्हीं असलीं तर तें समुद्राचें. आपल्याकडे पावसाळ्यांत रस्त्यावर आढळतें तें बहुधा दुसऱ्या तऱ्हेचें. मऊ कातडीनें मढविलेल्या पाठीचें, मागचे पाय आंत ओढून वर झांपडें लावून घेणारें. उन्हाळ्यांत डबकें आटलें कीं तें चिखलांत स्वतःला पुरून घेतें आणि पाऊस पडतांच बाहेर निघून नव्या पाण्याच्या शोधांत चालूं लागतें. तें हरवलेलें नसतें. त्याचें तोंड ज्या बाजूला असेल, त्याच बाजूच्या रस्त्याच्या कडेला त्याला उचलून ठेवावें आणि आपण आपल्या वाटेनें जावें. उलट बाजूला ठेवलें तर तें पुन्हां रस्ता ओलांडूं लागतें. मग मोटारीची आणि त्याची गांठ पडते.

कवचाविषयीं एक गैरसमज मात्र सुशिक्षितांतहि पाहिला आहे. कासव कवचांत राहतें, म्हणजे गोगलगायीप्रमाणें किंवा भाडेकऱ्याप्रमाणें राहतें, असें लोकांस वाटतें. वस्तुतः कवच म्हणजे त्याच्या बरगड्या आणि पाठीचा कणा रुंदावून एकजीव झालेले असतात. तें कवचांतून बाहेर येऊं शकत नाहीं. आपण आपल्या छातीच्या पिंजऱ्यांतून जितके बाहेर येऊं तितकेंच तें येईल. कवचाला स्पर्श कळतो. म्हणून त्यावर रंगानें नांव लिहिणें, किंवा दोरी ओवण्यासाठीं कडेला भोंक पाडणें, हें क्रौर्य आहे. तें ओरडत नाहीं एवढ्यावरून त्याला दुखत नाहीं असें समजूं नये.

आतां घरांतल्या कासवाकडे वळूं. शहरांतल्या ज्या घरांत आज कासव आहे, तेथें तें बहुतेक एकाच जातीचें असतें. हिरवेंगार, रुपयाहून थोडें मोठें, आणि डोळ्यामागें दोन्ही बाजूंस लाल पट्टा. रेड-ईअर्ड स्लायडर हें त्याचें नांव. मूळ वतन अमेरिकेंतील मिसिसिपी नदीचें खोरें. मासे विकणाऱ्या दुकानांत तें काचेच्या वाडग्यांत, प्लास्टिकच्या माडाखालीं ठेवलेलें असतें. मुलें हट्ट धरतात. कोणी तरी घरांत कासव असलें कीं लक्ष्मी नांदते असें सांगतो. किंमतहि अडचण वाटण्याइतकी नसते. दुकानदार सोबत वाळलेल्या झिंग्यांची एक डबी देतो आणि सांगतो कीं, एवढेंच राहतें आणि एवढेंच खातें.

यांतलें एकहि विधान खरें नाहीं. नीट वाढूं दिलें तर या जातीची मादी जेवणाच्या ताटाएवढी होते. तिचें कवच दहा ते बारा इंच भरतें. आयुष्य तीस वर्षें आणि क्वचित् त्याहूनहि अधिक. म्हणजे चौथींतल्या मुलासाठीं आणलेलें कासव त्या मुलाच्या लग्नांत हजर राहूं शकतें, आणि त्याच्या मुलाच्या मुंजींतहि. वाडग्यांत जें 'एवढेंच' राहतें तें आनंदानें राहत नाहीं. वाढ खुंटून राहतें, आणि बहुधा कांहीं वर्षांत मरतें.

कशानें मरतें, हें थोडें विस्तारानें सांगणें अवश्य आहे. कारण ज्यांच्या घरीं तें आधींच आहे त्यांना आज संध्याकाळींच कांहीं करतां येईल. हाडें आणि कवच घट्ट होण्यास चुना लागतो, आणि अन्नांतला चुना अंगीं लागण्यास सूर्यप्रकाशांतील अतिनील किरण लागतात. हे किरण खिडकीच्या साध्या काचेंतून पुरेसे आंत येत नाहींत. म्हणून काचेआड उन्हांत ठेवलेलें कासव ऊबदार असतें, पण त्याचें कवच मऊ पडत जातें. बोटानें दाबलें असतां मोठ्या कासवाची पाठ दबूं लागली तर रोग पुढें गेला असें समजावें. उपाय खर्चाचा नाहीं. दररोज थोडा वेळ कोंवळें ऊन थेट अंगावर पडेल असें पाहावें. मात्र सावलींत सरकण्यास जागा हवीच, नाहीं तर अर्ध्या तासांत तें भाजून निघेल. पाण्याबाहेर येऊन पूर्ण कोरडें होतां येईल असा दगड किंवा फळी पाण्यांत ठेवावी. ज्यांच्या घरीं ऊन येत नाहीं, त्यांना यासाठींच तयार केलेले दिवे मिळतात.

दुसरें कारण तो झिंग्यांचा डबा. नुसत्या वाळलेल्या झिंग्यांवर ठेवलेल्या पिलाच्या अंगीं अ जीवनसत्त्वाची उणीव येते, पापण्या सुजतात आणि डोळे मिटतात. डोळे मिटलेलें कासव अन्न पाहत नाहीं, म्हणून खात नाहीं. आणि घरांतलीं माणसें म्हणतात, हल्लीं फार झोपतें! या प्राण्याला लहानपणीं मांसाहार अधिक लागतो. मोठेपणीं तो मुख्यतः पाला खातो. पाण्यांतील वनस्पति, शेवग्याचा किंवा माठाचा पाला, किसलेला तांबडा भोपळा, अधूनमधून लहान मासा किंवा गांडूळ, असा आहार असावा. पाव, भात, दूध यांचा त्याच्याशीं कांहीं संबंध नाहीं. तें घांस पाण्यांतच गिळूं शकतें. तेव्हां कोरड्या फरशीवर अन्न ठेवून खात नाहीं अशी तक्रार करण्यांत अर्थ नाहीं. पाणी घाण झालें कीं बदलावें; ज्या भांड्यांत आपण जेवण करतों त्या भांड्यांत किंवा त्या मोरींत कासवाची पेटी धुऊं नये. कासवाच्या अंगावर साल्मोनेला नांवाचे जंतु बहुधा असतात. त्यांपासून लहान मुलांना अतिसार आणि ताप येतो. याच कारणास्तव अमेरिकेनें, म्हणजे या कासवाच्या जन्मभूमीनेंच, चार इंचांहून लहान कासवें विकण्यास १९७५ सालीं बंदी केली. कासव हाताळल्यावर साबणानें हात धुणें हा नियम घरांतल्या आजीपासून नातवापर्यंत सर्वांना सारखाच असावा.

माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीनें मला पत्र लिहिलें होतें. मुलासाठीं आणलेलें कासव चौदा वर्षांचें झालें. मुलगा शिक्षणासाठीं परदेशीं गेला. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. पेटी रोज साफ करणें झेपत नाहीं. शेजारणीनें सल्ला दिला कीं, देवळाच्या तळ्यांत सोडून द्या, पुण्यहि लागेल. 'गुरुजी, सोडूं का?' एवढाच प्रश्न होता. प्रश्न साधा आहे, पण तिची अडचण खरी होती, आणि असल्या घरांना उपदेशाचे घोट पाजण्यांत मला पुरुषार्थ वाटत नाहीं. मीं तिला सोडूं नको असें कळविलें, आणि त्याचें कारणहि लिहिलें.

हा परका प्राणी चिवट आहे. जगांतल्या सर्वांत उपद्रवी अशा शंभर आगंतुक जीवांच्या प्रसिद्ध यादींत त्याचें नांव आहे. युरोपांतील राष्ट्रांनीं त्याची आयात १९९७ सालीं बंद केली. तळ्यांत सोडला तर एक तर तो उपासमारीनें मरतो, किंवा, आणि हें अधिक वाईट, तो जगतो. मग आपल्या देशी कासवांच्या ऊन घेण्याच्या जागा तो बळकावतो, त्यांचें अन्न खातो, आणि पेटींतले रोग तळ्यांत नेतो. एक जीव सोडल्याचें पुण्य आपल्या पदरीं, आणि दहा जिवांचा त्रास तळ्याच्या पदरीं, असा तो हिशेब आहे. विद्यार्थिनीनें पुढें गच्चीवर अर्धें छप्पर घातलेला एक सिमेंटचा हौद करून घेतला. पाणी जास्त असल्यामुळें तें रोज बदलावें लागत नाहीं, ऊन आयतें मिळतें, आणि भाजीवाली देठें-पाला फुकट देते. सर्वांना गच्ची नसते हें मला ठाऊक आहे. ज्यांना खरोखरच अशक्य आहे त्यांनीं प्राणिरक्षणाचें काम करणारी संस्था शोधावी, किंवा दुसरें जबाबदार घर पाहावें. परदेशी प्राण्यांच्या नोंदणीचेहि नियम अलीकडे झाले आहेत. आपल्या प्राण्यास ते लागू आहेत किंवा कसें, हें वन खात्याच्या कचेरींत विचारून घ्यावें. जें घर अजून दुकानाच्या दारांत उभें आहे, त्यानें मात्र माघारीं वळावें.

देशी कासवाची गोष्ट निराळी. तेथें वाद नाहीं. १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें आपल्या देशांतलीं कासवें घरीं ठेवण्यास, विकण्यास किंवा पकडण्यास मनाई आहे. तारा-कासव हें वायव्येकडील गुजरात-राजस्थानच्या कोरड्या मुलखांत, दक्षिणेकडे आंध्र-तामिळनाडूंत आणि सिंहलद्वीपांत आढळतें. त्याचें दुर्दैव असें कीं तें सुंदर आहे. त्याचीं पिलें मोज्यांत भरून, पेट्यांत रचून चोरून परदेशीं नेतात. २०१९ सालीं आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या करारांत त्याला सर्वांत कडक संरक्षणाच्या यादींत घालावें लागलें, यावरून त्या चोरीचा अंदाज यावा. शुभशकुनासाठीं एकच घेतों, असें म्हणणाऱ्या प्रत्येक घरामागें वाटेंत मेलेलीं कासवें असतात. कोणाकडे असें कासव आलें असल्यास त्यानें तें जवळच्या टेकडीवर सोडूं नये. उत्तरेकडील आणि दक्षिणेकडील तारा-कासवांचें रक्तहि सारखें नाहीं, आणि चुकीच्या मुलखांत तीं मिसळणें बरें नव्हे. वन खात्याकडे द्यावें. महाराष्ट्रांत त्यांचा दूरध्वनि क्रमांक १९२६ हा आहे.

येथवर मी 'करूं नका' असेंच फार सांगितलें. शिक्षकाची ती जुनी खोड. आतां जेथें माणसांनीं कांहीं केलें आहे, त्या कोंकणच्या किनाऱ्याकडे जाऊं.

रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यांत, बाणकोटच्या खाडीपासून जवळच वेळास नांवाचें गांव आहे. नाना फडणीसांचें मूळ गांव म्हणून इतिहासांत तें पूर्वींच प्रसिद्ध होतें. येथल्या वाळूंत हिंवाळ्याच्या रात्रीं ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांच्या माद्या अंडीं घालण्यास येतात. मादी दोन-सव्वादोन फूट लांब, वजनानें साधारण एक मण. भरतीच्या रेषेच्या वर येऊन ती मागच्या वल्ह्यांनीं दीड फूट खोल, तोंडाशीं अरुंद आणि खालीं रुंद असा सुरईच्या आकाराचा खड्डा खणते. त्यांत शंभर-सव्वाशें अंडीं घालते, वाळू लोटते, अंगाच्या भारानें ती ठोकून बसवते, आणि मागें न पाहतां समुद्रांत निघून जाते. संतवाङ्मयांत कासवी आपल्या पिलांचें पोषण नुसत्या दृष्टीनें करते अशी कल्पना वारंवार येते. देव भक्ताला सांभाळतो तो तसा. कल्पना म्हणून ती अप्रतिम आहे, आणि प्राणिशास्त्रानें तिच्यावर तोंड टाकूं नये. परंतु खरी कासवी आपलें पिलूं कधीं पाहतहि नाहीं.

मग त्या अंड्यांकडे पाहणारे दुसरेच असत. रात्रीं कोल्हे व कुत्रे, सकाळीं माणूस. वाळूवरचा माग काढून घरटें उकरावें आणि अंडीं बाजारांत न्यावीं, असा क्रम पूर्वापार चालत आलेला होता; त्यांत आपण कांहीं वाईट करतों असें कोणास वाटत नसे. २००२ सालीं चिपळूणच्या सह्याद्रि निसर्ग मित्र या संस्थेनें, भाऊ काटदरे यांच्या पुढाकारानें, वेळासला संरक्षणाचें काम सुरू केलें. त्यांनीं गांवाला आरोपी केलें नाहीं. गांवालाच पहारेकरी केलें. माग काढण्याची जी विद्या अंडीं चोरण्यास उपयोगी पडत होती, तीच आतां अंडीं राखण्यास उपयोगी पडूं लागली. पुढें वन खात्यानें हात दिला, आणि अंजर्ले, गुहागर अशा किनाऱ्यांवरहि हीच रीत सुरू झाली.

रीत अशी. कासवाचा पहारेकरी पहाटे किनारा चालतो. ओढलेल्या अंगाचा आणि वल्ह्यांचा माग दिसला कीं घरट्याची जागा शोधतो, अंडीं हलक्या हातानें काढतो आणि कुंपण घातलेल्या सुरक्षित जागेंत तितक्याच खोलीच्या, त्याच आकाराच्या खड्ड्यांत ठेवतो. येथें वेळेला फार महत्त्व. अंडें घातल्यावर कांहीं तासांनीं आंतला गर्भ कवचाच्या वरच्या अंगास चिकटतो. त्यानंतर अंडें उलटसुलट झालें तर तो मरतो. म्हणून हौसेनें घरटें उकरून पाहणारा पाहुणा कोल्ह्याहून कमी घातक नसतो. पंचेचाळीस ते साठ दिवसांनीं पिलें निघतात. त्यांतले नर किती आणि माद्या किती हें आईबापांवर नव्हे, तर वाळूच्या उष्णतेवर ठरतें. वाळू अधिक तापली तर माद्या अधिक होतात. पृथ्वीचें तापमान वाढत असतांना ही गोष्ट किनाऱ्यावरच्या माणसांना साधी कुतूहलाची राहिलेली नाहीं. उबवणीच्या जागेवर सावली धरण्याचा विचार त्यांतूनच निघाला.

या कासवांचा समुद्रांतला संसार आपल्याला फार थोडा माहीत आहे. २०२२ च्या जानेवारींत वेळासच्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशीं बोलणारें छोटें यंत्र बसवून तिला सोडण्यांत आलें. तिचें नांव प्रथमा. पश्चिम किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडलेचा असा माग घेण्याची ती पहिलीच वेळ. त्याहून मोठें नवल २०२५ सालीं घडलें. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ सालीं खुणेचा बिल्ला लावलेली एक मादी गुहागरच्या वाळूंत अंडीं घालतांना आढळली. म्हणजे हिंदुस्थानच्या टोंकाला वळसा घालून ती बंगालच्या उपसागरांतून आपल्या समुद्रांत आली. पूर्वेकडचीं कासवें निराळीं आणि पश्चिमेकडचीं निराळीं, असा जो समज होता, त्याला त्या एका मादीनें चांगलाच धक्का दिला.

मुंबईकरांनीं कोंकण लांब म्हणून कान झांकूं नयेत. वर्सोव्याच्या किनाऱ्यावरचा कचरा २०१५ पासून नागरिकांनीं आठवड्यामागून आठवडे उपसला; २०१८ च्या मार्चमध्यें तेथें ऑलिव्ह रिडलेचीं पिलें वाळूंतून निघून समुद्राकडे गेलीं. आणि पावसाळ्यांत पालघरपासून रायगडपर्यंत जखमी कासवें वाहत येतात. बहुतेकांच्या वल्ह्यांत फाटक्या नायलॉनच्या जाळ्याचा फास रुतलेला असतो. कासव हवा घेणारा प्राणी. जाळ्यांत पाण्याखालीं अडकलें तर तें बुडून मरतें. असें दमलेलें कासव किनाऱ्यावर दिसलें तर त्याला ढकलून परत पाण्यांत घालूं नये. तें पोहण्याचें बळ संपल्यामुळेंच बाहेर आलेलें असतें. सावली करावी, पाठीवर ओलें फडकें घालावें, नाकपुड्या मोकळ्या ठेवाव्या, कुत्रीं हांकावीं आणि १९२६ वर कळवावें. डहाणूला अशा कासवांवर उपचार करण्याचें केंद्र आहे. कोळ्यांना सर्व दोष देणेंहि बरोबर नाहीं. कासव सोडण्यासाठीं जाळें कापावें तर हजारोंचें नुकसान. म्हणून २०१८ च्या अखेरीस महाराष्ट्र सरकारनें, संरक्षित प्राणी सोडविण्यासाठीं जाळें कापणाऱ्यास २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना काढली. जाळें कापतांना पोटावर पाय येतो हें मान्य करून काढलेला असा कायदा मला शंभर उपदेशांहून अधिक भरंवशाचा वाटतो.

ज्यांना पिलें समुद्रांत जातांना पाहावयाचीं असतील त्यांनीं फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत वेळासला जावें. उतरण्याची सोय गांवकऱ्यांच्या घरींच होते. जेवण साधें आणि उत्तम. सकाळीं आणि संध्याकाळीं उबवणीच्या जागेवरच्या टोपल्या उचलतात. खालीं पिलें असलीं तर तीं पाण्यापासून थोड्या अंतरावर वाळूंत सोडतात. त्यांना हातांत घेण्याचा, छायाचित्रासाठीं दिवा पाडण्याचा किंवा लवकर पोंचावें म्हणून उचलून पाण्यांत ठेवण्याचा मोह आवरावा. पिलें उजेडाकडे धांवतात. समुद्रावरचें आकाश हाच त्यांचा कंदील, आणि आपल्या विजेऱ्या त्यांना गांवाकडे वळवतात. दोरीच्या मागें उभें राहावें, आणि मुलांना पुढें उभें करावें. पिलें रोज निघतीलच असा नेम नाहीं. टोपली उचलली आणि खालीं नुसती वाळू दिसली, तर संध्याकाळची वाट पाहावी. बाणकोटचा किल्ला जवळच आहे; मधला वेळ तेथें चांगला जातो.